ज्याला चढत नाही तो मुलगा

गेल्या लग्नसराईत एका वरातीमागून चालताना सोळा-सतरा वर्षांच्या एका मुलाविषयी त्याचाच मामा कौतुकाने सांगत होता, "आमच्या भाच्याला कितीही पाजा, चढतच नाही." घरात आणखी कोणाची अशी ख्याती आहे का, असे मी विचारले, तेव्हा त्याने मुलाच्या वडिलांचे नाव घेतले. बाकीचे हसले, मला मात्र सॅन डिएगो येथील मानसोपचारतज्ज्ञ मार्क शुकिट यांचे संशोधन आठवले. वडिलांना दारूचे व्यसन असलेल्या विशीतील तरुणांना ठरावीक मात्रेत मद्य देऊन त्यांनी त्याचा परिणाम मोजला आणि सुमारे दहा वर्षांनी त्यांची पुन्हा तपासणी केली. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्यांना मद्य कमी चढले होते त्यांच्यापैकी ५६ टक्के व्यसनाधीन झाले होते. ज्यांना ते चटकन चढले होते त्यांच्यात हेच प्रमाण १४ टक्के होते.

याचे कारण समजण्याजोगे आहे. तोल जाणे, जीभ जड होणे, पेंग येणे या खुणा 'आता पुरे' असे सांगत असतात आणि ज्याच्या शरीरात त्या उशिरा उमटतात, तो सोबत्यांच्या दुप्पट पिऊनही स्वतःला शुद्धीत समजतो. मुळात कोवळ्या वयातच ही गुंगी कमी येते, असे उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे, तर मोहाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत पक्व होत असतो. आपण ज्याला मर्दानगी म्हणतो, तो बहुधा बिघडलेला लगाम असतो.

अर्थात आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्माच मानला जातो. उरलेल्या निम्म्यात घरातील मारहाण, दुर्लक्ष, उदासीनता, मित्रमंडळी आणि बापाने मुलाला चखणा आणायला पिटाळणे, हे सारे येते. पंधराव्या वर्षाआधी पिऊ लागलेल्यांना पुढे व्यसन जडण्याचे प्रमाण अधिक असते, हे अमेरिकेतील पाहण्यांतून दिसले आहे. परंतु इतक्या लवकर पिणारी मुले आधीच अस्वस्थ असतात, त्यामुळे सारा दोष वयावर टाकणे मला पटत नाही.

महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षांची अट आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५च्या कलम ७७ नुसार अठरा वर्षांखालील मुलाला दारू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. त्या मामाला हे मी सांगितले, तेव्हा त्याला ती थट्टाच वाटली.