धुळे ते तोरणमाळ: केबल नसलेल्या अ‍ॅक्सिलरेटरसोबत दोन दिवस

डिसेंबरमध्ये धुळ्याहून तोरणमाळला मोटारसायकलने जाऊन आलो. चिमठाणे, दोंडाईचा, सारंगखेडा, शहादा, म्हसावद आणि राणीपूर असा मार्ग घेतला. जाण्या-येण्याचे अंतर तीनशे किलोमीटरच्या आसपास भरते. माझी गाडी 400 सीसी वर्गातील असून तिचा थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटर) राइड-बाय-वायर पद्धतीचा, म्हणजे केबलऐवजी इलेक्ट्रॉनिक संकेतांवर चालणारा आहे. मागे पत्नी आणि दोन्ही बाजूंना बॅगा होत्या. सोबतच्या मित्राची गाडी जुनी, कार्बुरेटर आणि केबलवर चालणारी होती. वाटेत आम्ही गाड्यांची अदलाबदल करून पाहिली, आणि पुढचे बरेचसे निरीक्षण त्या अदलाबदलीतून आलेले आहे.

दोंडाईचापर्यंत सांगण्यासारखे काही घडले नाही. मोकळ्या रस्त्यावर एका वेगाने जाताना दोन्ही प्रकारच्या थ्रॉटलमध्ये फरक जाणवत नाही. फरक सुरू झाला तो तापीवरचा पूल ओलांडून सारंगखेड्याच्या पुढे निघाल्यावर. दत्तजयंतीच्या यात्रेचे दिवस असल्याने घोडेबाजाराकडे जाणाऱ्या वाहनांची गर्दी होती आणि शहाद्याच्या बाजूने उसाने भरलेल्या ट्रॉल्या एकामागे एक चालल्या होत्या. दुसऱ्या गिअरमध्ये मूठ सोडायची, पुन्हा किंचित पिळायची, असे चालले असताना प्रत्येक वेळी गाडीला झटका बसे आणि पत्नीचे हेल्मेट माझ्या हेल्मेटवर येऊन आदळे. पंधरा-वीस वेळा असे झाल्यावर ती म्हणाली, “अहो, घाटात असंच होणार असेल तर मी शहाद्यातूनच एसटीने परत जाते.”

या झटक्याची तक्रार मी महिनाभरापूर्वी सर्व्हिसिंगच्या वेळी केली होती. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असाच असतो, सवय होईल, असे उत्तर तेव्हा मिळाले आणि मीही ते खरे मानले. शहाद्यात हवा भरायला थांबलो असताना तिथल्या मिस्त्रींनी गाडी साइड स्टँडवर घेतली, चेनच्या खालच्या पट्टीला मधोमध बोटाने वर-खाली केले आणि म्हणाले, “भाऊ, चेन ढिली शे. पहिले ती देखा, मंग त्या कंप्युटरले नाव ठेवा.” मोजपट्टी लावली तेव्हा चेन तब्बल 55 मिलिमीटर हलत होती. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत हे माप 30 ते 40 मिलिमीटर दिलेले आहे. त्यांनी मागच्या चाकाचा नट सैल करून दोन्ही बाजूंचे स्क्रू सारखेच फिरवले, खुणा जुळल्याची खात्री केली आणि चेन 35 मिलिमीटरवर आणली. तिथून म्हसावदपर्यंत निम्म्याहून अधिक झटका नाहीसा झाला होता.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. केबलच्या गाडीत मूठ थेट थ्रॉटलची झडप उघडते. राइड-बाय-वायरमध्ये मुठीजवळचा सेन्सर मूठ किती फिरली ते ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या छोट्या कंप्युटरला, कळवतो आणि ईसीयू एका छोट्या मोटरकडून झडप उघडून घेतो. मूठ जितकी फिरली तितकीच झडप उघडेल असे यात नसते. गाडी चालवण्याच्या कोणत्या मोडमध्ये (स्पोर्ट, रेन वगैरे) किती उघडायची, हे ईसीयूमध्ये आधीच भरलेल्या तक्त्यावर ठरते. शिवाय फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत मूठ पूर्ण सोडली आणि इंजिन वेगात फिरत असेल, तर इंधन पूर्ण थांबवले जाते. पुन्हा मूठ पिळताच इंधन परत येते, आणि त्या क्षणी चेन सैल असेल तर आधी तिची ढील भरून निघते व मग ताण एकदम मागच्या चाकावर पडतो. मित्राच्या कार्बुरेटरच्या गाडीत मूठ सोडल्यावरही थोडे पेट्रोल जात राहते, म्हणून तिची चेन तितकी चांगली नसूनही ती मऊ वाटत होती.

राणीपूरच्या पुढे चढ सुरू होतो आणि सातपायरी घाटाची वळणे येतात. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे 1150 मीटर उंचीवर आहे. वळणे एकावर एक रचल्यासारखी आहेत. उरलेल्या झटक्याचा बंदोबस्त मी इथे शोधला. पहिली दोन वळणे स्पोर्ट मोडमध्ये घेतली. त्यात मूठ थोडी फिरवली तरी झडप जास्त उघडते आणि सामान व माणूस लादलेल्या गाडीला वळणाच्या मध्यात ते नको असते. तिसऱ्या वळणाआधी सरळ पट्टीत रेन मोड घेतला. ताकद कमी पडेल ही भीती खोटी ठरली. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये त्या मोडमधले बळ पुरेसे होते, आणि मुठीच्या सुरुवातीच्या टप्प्यात इतका सूक्ष्म ताबा मिळाला की पत्नीने हेल्मेट आदळल्याची तक्रार पुढे एकदाही केली नाही.

त्याहून मोलाची गोष्ट मित्राने सुचवली. वळणात शिरताना मूठ पूर्ण सोडायचीच नाही. ती केसभर उघडी ठेवून वेग मागच्या ब्रेकने आवरायचा आणि अगदीच हळू जायचे असेल तर क्लच अर्धा दाबायचा. इंधन बंदच झाले नाही, तर परत येण्याचा झटकाही बसत नाही. आठ-दहा वळणांत हाताला ही सवय लागते. मोड मात्र वळणात बदलू नये. बऱ्याच गाड्यांत मूठ बंद केल्याशिवाय मोड बदलत नाही, आणि वाकलेल्या गाडीवर मूठ बंद करणे हेच धोक्याचे.

आमच्यानंतर या वाटेने जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वी चेनचे माप घ्यावे, पण मागे माणूस बसणार असल्यास ती मापापेक्षा ताणूही नये, कारण सस्पेन्शन दबल्यावर चेन आणखी ताणली जाते. बॅटरी जुनी असेल तर आधीच बदलावी. केबल तुटली तर गावातला मिस्त्री ती बदलून देतो. राइड-बाय-वायरमध्ये सेन्सरच्या संकेतांत गडबड आढळली तर ईसीयू इंजिनची ताकद मर्यादित करतो, आणि डोंगरात त्यावर इलाज करणारे यंत्र कुणाकडे नसते. म्हणून गाडी धुतानाही थ्रॉटल बॉडी (झडप बसवलेला भाग) आणि तारांच्या जोडण्यांवर पाण्याचा जोरदार फवारा मारू नये. पेट्रोल शहाद्यातच भरून घ्यावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी यशवंत तलावावर धुके होते आणि गाडी चांगलीच गार पडली होती. चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवरची तपासणी पूर्ण होईपर्यंत मी मुठीला हात लावला नाही, मग स्टार्टर दाबला. उतरताना पहिला-दुसरा गिअर ठेवून इंजिनच्या ब्रेकवर भर दिला. इथे मूठ पूर्ण बंद ठेवणेच सोयीचे पडले, कारण लांब उतारावर ती वारंवार उघडण्याची गरज येत नाही. शहाद्यात पुन्हा त्याच मिस्त्रींकडे थांबून माप घेतले. चेन 36 मिलिमीटरवर होती.