पैसे आपले, परवानगी कोर्टाची

शेजारच्या वयनीचा सवाल साधाच होता. "भाऊ, पैसे माह्ये हायेत ना? मंग माह्येच पैसे काढाले कोर्टाले काहून इचारा लागते?"

आता काय सांगावं. दादा बाईकवर होते, ट्रकनं उडवलं, यवतमाळला क्लेमची केस चालली, लय वर्षं चालली. निकालात थोडी रक्कम हातात दिली आन् 9 लाखांची 5 वर्षांची एफडी केली, महिन्याला 5,000 च्या आसपास व्याज खात्यात पडते. पावतीवर शिक्का आहे, कोर्टाच्या परवानगीशिवाय मोडायची नाही, यावर कर्ज द्यायचं नाही. बँकवाला शिक्का दाखवते आन् हात वर करते, आन् विहिरीले तर पाणीच नाही, बोअर मारल्याशिवाय रब्बी होत नाही.

अशा वेळी गावात कोणीतरी असतेच. एक जण आला, म्हणे वयनी 1.5 लाख आत्ता घ्या, पासबुक आन् एटीएम कार्ड माह्याजवळ ठेवा, 5 वर्षं व्याज मी उचलतो, मुद्दल तुमचंच. ऐकाले गोड वाटते. मी मोबाईलवर हिशोब मांडला. 5,000 गुणिले 60 म्हणजे 3 लाख. मान्य, उद्याचा रुपया आजच्या रुपयाएवढा नसते, पण वर्षाले 9 टक्क्यांनी जरी कापलं तरी त्या 3 लाखाची आजची किंमत 2.40 लाखाच्या आसपास निघते. हा देत होता 1.5. म्हणजे शेकडा अडीच रुपयांच्याही वर महिन्याचं व्याज झालं! लायसन नसताना असा धंदा करणं 2014 च्या सावकारी कायद्यात गुन्हा आहे, पण गावात लायसन कोण इचारते.

मले वाटे हे आपल्याच इकडे चालते. नेटवर वाचलं तर अमेरिकेत हा चक्क कंपन्यांचा धंदा आहे. तिथं अपघाताची भरपाई पुष्कळदा एकरकमी न देता विमा कंपनीमार्फत वर्षानुवर्षं हप्त्यानं देतात, आन् ज्याले घाई आहे त्याचे पुढचे हप्ते या कंपन्या कमी भावात विकत घेतात. लोक लुटले जायले लागले तसे राज्यांनी कायदे केले, पहिला इलिनॉय राज्यानं 1997 मध्ये. आता तिथं सौदा जजसमोर न्यावा लागते, हप्त्यांची एकूण रक्कम किती, आजची किंमत किती, हातात किती पडणार, हे सही करायच्या आधी कागदावर लिहून द्यावं लागते, आन् विकणाऱ्याचं अन् त्याच्या लेकराबाळांचं यात भलं आहे का ते जज पाह्यते. जजची मंजुरी नसली तर घेणाऱ्याच्या कमाईवर 40 टक्के केंद्राचा टॅक्स, हे 2002 पासून. तरी बाल्टिमोरमध्ये लहानपणी घरातल्या रंगातलं शिसं पोटात जाऊन डोक्यावर परिणाम झालेल्या पोरांचे हप्ते कवडीमोल भावात गेलेच, अन् तेही कोर्टाच्या मंजुरीनं. म्हणजे जजनं नुसता ठप्पा मारला तर तिकडचा कायदाही काही कामाचा नाही.

आपल्याकडे एफडी ठेवायची ही पद्धत सुप्रीम कोर्टाच्या सुसम्मा थॉमस केसमधल्या नियमांनी पक्की झाली, आन् त्याच निकालात सवलतही आहे. शेतीची अवजारं, रिक्षा, पोटापाण्यासाठी असं काही घ्यायचं असेल तर मुदतीआधी पैसे मागता येतात, फक्त पैसा खरंच त्यातच गेला याची खात्री न्यायाधिकरणानं, म्हणजे क्लेमची केस चालवणाऱ्या कोर्टानं, करायची. 2012 मध्ये पद्मा केसमध्ये सुप्रीम कोर्टानं हेही सांगितलं का हे नियम डोळे मिटून सगळ्याइले लावू नका, माणूस पाहा, त्याची गरज पाहा. हे वयनीले कोणीच सांगितलं नव्हतं, तिच्या वकिलानंही नाही, त्याचा लय राग आला.

मंग त्याच कोर्टात अर्ज टाकला. सातबारा, बोअर आन् मोटरचं कोटेशन, पोरीच्या फीची पावती, सगळं जोडलं. साहेबांनी वयनीलेच समोर बोलावून इचारलं, बाई, पैसे कोणाले द्यायचे आहेत? वयनी म्हणे, "कोनाले नाई साहेब, जमिनीत घालाचे हायेत." जेवढं कोटेशन तेवढीच रक्कम मंजूर झाली, तीही थेट दुकानदाराच्या खात्यात, बाकीची एफडी जशीच्या तशी.

कोणाले असा अर्ज द्यायचा असेल तर कोटेशन जीएसटी नंबरवालं, छापील घ्या. आमच्या इकडचे दुकानदार कच्च्या चिठ्ठीवर आकडे लिहून देतात, वयनीचं पहिलं कोटेशन त्याच्यापायीच वापस आलं होतं.