जागल

डिसेंबर २०१७. डोंबिवलीहून आमच्या वाचनालयाच्या गटातली २६ मुलं आणि आम्ही चार मोठी माणसं राजमाचीला मुक्कामाला गेलो होतो. सकाळची कर्जत लोकल, पुढे टमटमने कोंदिवडे, मग कोंडाण्याची लेणी बघून वरची चढण. गडाखालच्या उधेवाडीत पोचेपर्यंत उन्हं कलली होती. ज्यांच्या घरी उतरलो त्या काकूंनी पिठलं-भाकरी आणि ठेचा केला होता. मुलं पोटभर जेवली, गाणी झाली, गप्पा झाल्या, दहा वाजता सगळे गोधड्यांत शिरले. मी डोकी मोजली. २६ भरली. मग मीही आडवी झाले.

साडेतीनला मला तहान लागली म्हणून जाग आली. पाणी प्यायला बाहेर आले तर ओट्यावर खांबाला टेकून एक मुलगा बसलेला. तेरा वर्षांचा. दोन्ही तळहात गुडघ्यांवर रोवलेले, खांदे वर चढलेले. आधी वाटलं थंडी वाजतेय. जवळ गेले तेव्हा त्याच्या श्वासाची बारीक शीळ ऐकू आली. बॅटरी लावली. प्रत्येक श्वासाला त्याच्या गळ्याखालची खळी आत ओढली जात होती. हातात दम्याचा पंप होता, रिकामा.

"काय होतंय रे?"

"काही... नाही... ताई."

एका श्वासात एकच शब्द निघत होता. एक वाजल्यापासून तो तिथे बसला होता. मी विचारलं, मला उठवलं का नाहीस? तो म्हणाला, "तुम्ही... झोपला... होतात."

आठ वर्षं झाली, पण ते तीन शब्द मला अजून जसेच्या तसे ऐकू येतात. अडीच तास तो मुलगा माझ्यापासून दहा पावलांवर श्वासासाठी झगडत होता, आणि ताईची झोप मोडू नये म्हणून गप्प बसला होता.

त्या रात्री आम्हाला वाचवलं ते दुसऱ्या एका मुलीच्या आईने. तिने फॉर्मवर स्वच्छ लिहिलं होतं: दमा आहे, पंप आणि स्पेसर सॅकच्या वरच्या कप्प्यात. स्पेसर म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी. त्या मुलीला उठवलं, तिचा पंप घेतला. मुलाला सरळ बसवून ठेवलं, आडवं होऊ दिलं नाही, चुलीच्या धुरापासून लांब नेलं आणि स्पेसरमधून एकेक दाब देत गेलो. वीसेक मिनिटांनी तो पूर्ण वाक्य बोलला. तेव्हा कुठे माझ्या हातांची थरथर थांबली. आमच्यापैकी कुणाच्याच फोनला रेंज नव्हती. उजाडल्यावर गावातल्या जीपने तुंगार्लीच्या बाजूने लोणावळ्याला आलो. साधारण पंधरा किलोमीटरचा रस्ता, बराचसा कच्चा. त्या रस्त्यावर एकेक खड्डा येत होता आणि मी मनात हिशोब करत होते, हेच रात्री साडेतीनला करावं लागलं असतं तर काय झालं असतं. दवाखान्यात नेब्युलायझर लावला, मुलगा बरा झाला.

त्याच्या फॉर्मवर आजारापुढे "काही नाही" लिहिलेलं होतं. आईला भेटले तेव्हा ती रडायलाच लागली. आदल्या वर्षी एका ठिकाणी दमा लिहिला म्हणून त्याला सहलीला घेतलं नव्हतं, तो दोन दिवस जेवला नव्हता. म्हणून या वेळी लपवलं. तिच्यावर रागावणं सोपं होतं. पण आम्ही तरी तिला कधी सांगितलं होतं की, काहीही लिहा, तुमच्या मुलाला वगळणार नाही?

आता फॉर्म घरी पाठवत नाही. प्रत्येक घरच्यांना भेटतो, आणि पहिलं वाक्य हेच असतं: तुम्ही जे सांगाल त्यामुळे मूल मागे राहणार नाही, आमची तयारी वाढेल. मग माणसं बोलतात. फिट येते. झोपेत चालतो. अजून अंथरुण ओलं होतं. शेवटचं सांगताना आईचा आवाज हमखास खाली जातो. अशा मुलासाठी आम्ही प्लास्टिकची चादर आणि एक जादा लेंगा माझ्या पिशवीत ठेवतो आणि पहाटे साडेचारला, बाकीचे उठायच्या आत, त्याला हलकेच उठवतो. आजपर्यंत एकाही मुलाचं गुपित बाहेर पडलेलं नाही. ही गोष्ट मला गड चढण्याइतकीच मोलाची वाटते.

त्या सहलीनंतर आम्ही जागल सुरू केली. शेतात रानडुकरं येतात म्हणून माळ्यावर रात्रभर बसतात ना, तीच जागल. मुक्काम कुठेही असो, रात्री दहा ते सहा दोन मोठी माणसं जागी असतात. दोन-दोन तासांच्या चार पाळ्या, प्रत्येक पाळीत एक बाई आणि एक पुरुष. चार माणसांत हे जमत नाही, दुसऱ्या दिवशी सगळे पेंगतात. म्हणून २६ मुलांमागे आता आम्ही आठ जण जातो. आठ जण मिळाले नाहीत तर मुक्काम रद्द, दिवसाची सहल करून परत. दोनदा असं झालंय. मुलं हिरमुसली, पण ठरलं म्हणजे ठरलं.

जागलीवरची माणसं ओट्यावर बसतात, जिथून दोन्ही दारं दिसतात. मधे एक कंदिलासारखा दिवा ठेवलेला असतो, मुद्दाम. अंधारात झोपलेल्या माणसाला हलवून उठवायचं म्हणजे मुलाला केवढं अवघड वाटतं, हे मला त्या रात्री समजलं. दिव्याशी जागं बसलेल्या माणसाकडे जायला मात्र धाडस लागत नाही.

दिव्याशेजारी एक शंभर पानी वही असते. कोण उठलं, किती वाजता, कशासाठी, एवढंच लिहायचं. गेल्या जानेवारीतलं एक पान समोर आहे:

१०.५० पाणी.
१२.२० लघवी. दोघी गेल्या, दोघी आल्या.
१.४० घराची आठवण. आईला फोन लावून दिला, ४ मिनिटं. झोपला.
२.१५ काही नाही. नुसता येऊन बसला. अर्ध्या तासाने गेला.

ही "काही नाही" वाली नोंद मला सगळ्यात आवडते. सुरुवातीच्या वर्षांत मी घरची आठवण काढणाऱ्या मुलांना "मोठा झालास ना आता, सकाळी बोलू" असं म्हणायचे. ते चूक होतं. दोनच्या सुमारास आईचा आवाज ऐकावासा वाटणं हा मुलाचा दोष नाही. फोन लावून दिला की बहुतेक मुलं पाच मिनिटांत झोपतात. जिथे रेंज नाही तिथे जाण्याआधी दोन्हीकडे तसं स्पष्ट सांगतो, आणि गावात रेंज नेमकी कुठल्या कट्ट्यावर मिळते ते पोचल्या पोचल्या विचारून ठेवतो.

मुलांना उठवायची सवय लागावी यासाठी आम्ही संध्याकाळी तालीम घेतो. मी खरंच गोधडी पांघरून झोपते आणि प्रत्येक मुलाने यायचं, माझ्या खांद्याला हात लावून "ताई, उठा" म्हणायचं. सव्वीस वेळा. मुलं हसतात, लाजतात, पण एकदा हात लावून झाला की रात्री तो हात पुढे येतो. मोठ्या मुलांचा कंटाळा मी मनावर घेत नाही. न उठवणारी तीच असतात.

हे एवढ्या आग्रहाने सांगायचं आणखी एक कारण आहे मण्यार. गावात जमिनीवर अंथरूण घालून झोपायचं म्हटलं की मला आधी तीच आठवते. नाग, घोणस, फुरसं चावलं तर बहुतेक वेळा कळतं. मण्यार रात्री फिरते, झोपेत चावते, आणि दुखतही नाही फारसं, खूणही धड दिसत नाही. मूल पहाटे म्हणतं पोटात दुखतंय, घसा कसातरी होतोय, पापण्या उघडत नाहीत. "जागरणाने झालं असेल, झोप जरा" असं म्हणण्यात मोलाचा वेळ जातो. या चारही सापांवर एकच प्रतिसर्पविष चालतं, पण ते रुग्णालयातच मिळतं, आणि तिथे पोचेपर्यंतचं प्रत्येक मिनिट महत्त्वाचं असतं. कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही, मांत्रिक तर नाहीच. हात किंवा पाय हलू न देता थेट रुग्णालय. आम्ही प्रत्येकाला मच्छरदाणी सक्तीची केली आहे आणि तिची कड गादीखाली सगळीकडून खोचलेली आहे की नाही हे झोपताना हाताने चाचपून बघतो. सकाळी बूट झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही, विंचवासाठी. निघण्याआधी जवळच्या कोणत्या सरकारी रुग्णालयात प्रतिसर्पविष आहे, हे फोन करून विचारतो. हा फोन सहलीच्या आदल्या दिवशी करायचा, महिनाभर आधी केलेल्याचा उपयोग नाही.

तो नंबर, १०८, गावातल्या जीपवाल्याचा नंबर आणि लोणावळा परिसरात असू तर शिवदुर्ग मित्रच्या बचाव पथकाचा नंबर, हे सगळं कागदावर लिहून तीन जणांच्या खिशात. फोनची बॅटरी संपते, कागदाची नाही. जीपवाल्याला तर आधी सांगून ठेवतो की रात्री लागलात तर याल ना, आणि गाडी त्या रात्री गावातच राहील याचे पैसे देतो. काही पालक विचारतात, न वापरलेल्या गाडीचे पैसे कशाला? मी त्यांना तो खड्ड्यांचा रस्ता सांगते.

पावसाळ्यात मुक्काम करत नाही. काजव्यांच्या दिवसांतही नाही, मुलांनी कितीही हट्ट केला तरी. राजमाचीला तेव्हा रात्री एवढी गर्दी लोटते की सव्वीस मुलं मोजत राहणंच अशक्य. आणि पाण्यात उतरणं तर कधीच नाही. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या ओढ्यात एका कुटुंबातली पाच जणं डोळ्यांदेखत वाहून गेली. ती माणसं काही साहस करायला गेली नव्हती, पावसाळी रविवारी भिजायला गेली होती.

आता एक विषय, जो बैठकीत काढला की माणसं चुळबुळ करतात. मुलांना रात्री धोका फक्त सापाचा नसतो. बरोबर आलेल्या माणसाचाही असू शकतो. आपल्यातलाच आहे, ओळखीचा आहे, देवमाणूस आहे, या भरवशावर मी मुलांची झोप सोपवत नाही, आणि माझ्यावरही कुणी तशी सोपवू नये. म्हणून कुठलाही मोठा माणूस एकट्या मुलाबरोबर बंद दाराआड थांबत नाही, मीसुद्धा नाही. मुली आतल्या खोलीत, मुलं पडवीत, मोठ्यांची अंथरुणं वेगळी. आजारी मुलाजवळ बसायचं तर दोघांनी, दार उघडं ठेवून. नवीन कार्यकर्ता आधी दिवसाच्या तीन सहली करतो, त्याला ओळखणाऱ्या दोघांशी आम्ही बोलतो, मगच मुक्कामाला. एका गृहस्थांना याचा अपमान वाटला आणि ते आले नाहीत. ठीक आहे.

आणि मुलाने काही सांगितलं, तर ते समितीत बसून मिटवायचं नसतं. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलाबाबत असं काही कळलं की पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हाच गुन्हा आहे. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर आम्ही मुलांकडून पाठ करून घेतो. आईचा किंवा बाबांचा नंबरही. फोनमध्ये सेव्ह असल्यामुळे कित्येक मुलांना तो तोंडपाठ नसतो, एकदा विचारून बघा.

मुलींच्या खोलीत खिळ्याला एक कापडी पिशवी टांगलेली असते. पॅड, जुनी वर्तमानपत्रं, एक गडद रंगाची सलवार, छोटी बॅटरी. कुणाला विचारायचं नाही, घ्यायचं. एका मुलीची पहिली पाळी सहलीत आली होती आणि ती पहाटेपर्यंत भिंतीला टेकून बसून राहिली होती. त्यानंतरची ही पिशवी. रात्री किती पॅड कमी झाली हे आम्ही मोजत नाही.

तो दम्याचा मुलगा आता एकवीस वर्षांचा आहे. अठरा पूर्ण झाल्यावर गटात कार्यकर्ता म्हणून आला. दोन ते चारची पाळी तो स्वतःहून मागून घेतो, कारण ती कुणालाच नको असते. गेल्या जानेवारीत तीनच्या सुमारास माझ्या खांद्याला हात लागला. "ताई, उठा. हिचा कान दुखतोय." त्याच्याबरोबर जागलीवर असलेल्या आमच्या सहकारी ताईंच्या पदराला धरून एक सहावीतली मुलगी उभी होती, गालावर हात. रेंज होती, आईला फोन लावला, पॅरासिटामॉल चालतं का विचारलं, वजन विचारलं, गोळी दिली. कानात तेल घालू का असं कुणीतरी झोपेतून विचारलं, त्यांना नको म्हटलं. मुलगी दिव्याजवळ माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली. त्याने वहीत लिहिलं: ३.०५ कान. आईशी बोलणं झालं. गोळी दिली, ३.१५. मग कंसात: ताईंना उठवलं.

चारला पाळी बदलली तेव्हा ती झोपली होती.