मोहरीएवढा विश्वास

नागपूरच्या मे महिन्यातल्या उन्हात, आई दवाखान्यात असताना, मी सदरमधल्या चर्चमध्ये रोज दुपारी जाऊन बसत असे. आणि प्रार्थनेला शब्दच सुचत नाहीत, याची मला लाज वाटत असे. दृढ विश्वास म्हणजे शंकेचा लवलेश नसणे, अशी माझी तेव्हा समजूत होती.

बायबलमधील मार्काच्या शुभवर्तमानातील 9व्या अध्यायात आजारी मुलाचा बाप येशूला सांगतो की माझा विश्वास आहे, माझ्या अविश्वासाला साहाय्य करा. येशू त्याला परत पाठवीत नाही, मुलाला बरे करतो. हे वाचल्यावर मला उमगले की दृढ विश्वासाचा पहिला गुण प्रामाणिकपणा आहे, कारण स्वतःची उणीव देवापुढे मांडण्यासाठी आधी त्याच्यावर भरवसा असावा लागतो.

दुसरा गुण चिकाटी. 1845 मध्ये नागपुरात आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी शाळा चालवली, भूगर्भाचा अभ्यास केला आणि 1863 मध्ये टाकळघाटजवळ ओढ्याच्या पुरात ते बुडाले. त्यांच्या नावाचे कॉलेज त्यानंतर वीस वर्षांनी, 1883 मध्ये सुरू झाले. फळ डोळ्यांनी न पाहताही पेरणी करीत राहणे मला चमत्कारांच्या कथांपेक्षा अधिक थोर वाटते.

आज्ञापालन आणि सेवा यांशिवाय विश्वास निर्जीव आहे, हे बायबलमधल्या आपल्या पत्रात याकोब स्पष्टच सांगतो.

आई बरी होऊन घरी आली. आता रविवारची उपासना संपल्यावर आम्ही दोघी त्याच दवाखान्यात एकट्या रुग्णांसाठी डबा घेऊन जातो.