बाटलीवर स्टिकर आहे म्हणून फायर सिस्टीम नियमात बसेलच असं नाही

अमुक फायर सिस्टीम, म्हणजे गाडीत बसवायची आग विझवणारी यंत्रणा, रेसला चालेल का असं कोणी विचारलं की मी आधी विचारतो, क्लास कुठला आणि रूलबुक कोणाचं? कारण अमॅच्युअर रेसिंगमध्ये काही क्लासना नीट बसवलेलं हातातलं एक्स्टिंग्विशर पुरतं आणि काहींना पाइप-नोझलवाली पूर्ण सिस्टीम लागतेच, ती पण एसएफआय १७.१ (अमेरिकेतल्या एसएफआय संस्थेचं अशा सिस्टीमचं मानक) किंवा एफआयए (मोटरस्पोर्टची जागतिक संघटना) मान्यतेची, आणि दोन्ही मान्यता सगळीकडे चालतात असं नाही, त्यामुळे यावर्षीचं रूलबुक वाचल्याशिवाय पैसे घालूच नका.

मग तारीख. एफआयएच्या नियमात बाटली भरल्याला किंवा शेवटची तपासल्याला दोन वर्षांच्या वर झालेली चालत नाहीत. जुन्या गाडीतून काढलेली सिस्टीम स्वस्तात मिळते खरी पण तारीख उलटलेली असेल तर सर्व्हिसचा खर्च धरूनच भाव करा, आणि आत हॅलॉन (आग विझवणारा जुना वायू) असेल तर रिफिलची खात्री आधी करा, विकसित देशांत १९९४ पासून नवीन हॅलॉन बनवणंच बंद आहे.

पण मला सगळ्यात जास्त काळजी फिटिंगची वाटते, कारण स्टिकर बाटलीला मिळतो, तुमच्या गाडीतल्या फिटिंगला नाही. एफआयएचा नियम स्पष्ट आहे, ड्रायव्हर नेहमीसारखा बसलेला, हार्नेस (रेसचा सीटबेल्ट) लावलेला, अशा स्थितीत त्याला सिस्टीम चालू करता आली पाहिजे आणि बाहेरच्या माणसालाही, म्हणून बाहेरचा हँडल किल स्विचजवळ (गाडीची वीज तोडणारा स्विच) असतो आणि तिथे पांढऱ्या गोलात लाल ई असतो. गॅरेजमध्ये बेल्ट न लावता सगळंच हाताला लागतं हो! रेसला आवळता तसा हार्नेस आवळा, हेल्मेट, ग्लोव्ह्ज सगळं घाला आणि मग हात नेऊन बघा, दोन्ही हातांनी बघा, कारण एक हात दुखावलेला किंवा अडकलेला असू शकतो. २०२० साली बहरीनला फॉर्म्युला वन ड्रायव्हर रोमाँ ग्रोजाँ जवळपास २८ सेकंद आगीत होता आणि एसएफआय ३.२ए/५ मानकाचा रेसिंग सूट आगीत साधारण १० सेकंद अंग वाचवायचा हिशोब धरून बनतो, एवढ्या वेळात हँडल कुठे आहे हे शोधत बसायला जमणार नाही.

केबलवाली सिस्टीम असेल तर केबलला तीव्र वळण नको, ती ओढताना अडकते. इलेक्ट्रिक असेल तर तिला स्वतःची बॅटरी हवी, नाहीतर किल स्विच दाबला की सिस्टीमही गेली. नोझल इंजिनकडे आणि कॉकपिटमध्ये, पण ड्रायव्हरच्या तोंडावर सरळ रोखलेला नको. आणि बाटली घट्ट हवी, एफआयए हातातल्या एक्स्टिंग्विशरच्या माउंटलासुद्धा २५ जी (गुरुत्वाकर्षणाच्या २५ पट जोर) सोसायला सांगते, प्लास्टिकचा पट्टा तिथे काय टिकणार.

सेफ्टी पिनचं (सिस्टीम चुकून सुटू नये म्हणून लावायची पिन) मात्र खरंच लक्षात ठेवा, पिट्समध्ये लावलेली पिन तशीच ठेवून गाडी ट्रॅकवर गेली तर हँडल ओढून काहीच होत नाही, म्हणून पिनला लांब लाल रिबन बांधा आणि बेल्ट आवळणाऱ्या माणसाकडेच ती काढायचं काम द्या.