चिखलीच्या खाडीत कांदळ लावायला

कांदळ, म्हणजे खारफुटीतलं एक झाड, लावायला जायच्या या ट्रिपची तारीख पाण्याने ठरवली. काकांचा फोन आला, "बाय, अष्टमीला ये, भांगाची भरती असते, पाण्याला ओढ कमी. पुनवेच्या उधाणात लावलंस तर रातोरात वाहून जाणार." काका म्हणजे माझ्या आत्येचे धाकटे दीर, गोव्यात वास्कोजवळ चिखलीला राहतात, उभा जन्म झुआरी नदीत जाळं टाकण्यात गेला. श्रावण शुद्ध अष्टमी नेमकी रविवारी आली, मग सकाळी सातला डिचोलीहून पणजीची बस आणि पणजीहून वास्कोची, आणि पाऊस असा की खिडकीची काच खाली ओढूनसुद्धा मांडी भिजली.

झुआरी पुलावर मात्र पाऊस थोडा थांबला. शेजारी १९८३ सालचा जुना पूल, खाली गढूळ लाल पाणी. डोंगरावरची माती पावसाबरोबर याच नदीत उतरते, वर्षानुवर्षं खनिज वाहणाऱ्या बार्जी, म्हणजे मालवाहू बोटी, इथूनच गेल्या, आणि हे सगळं पाणी शेवटी मुरगावच्या बंदराकडे जातं. बंदराच्या आतल्या अंगाला, दाबोळी विमानतळाच्या पठाराखाली, चिखलीची खाडी आहे. वास्कोला शंभर वेळा गेले असेन पण या खाडीत पाय पहिल्यांदाच ठेवला, आणि याचं मला खरंच वाईट वाटलं.

मी का गेले ते आधी सांगते. गेल्या वर्षी मी दुसऱ्या एका ठिकाणी खारफुटी लावायला गेले होते. मोठा कार्यक्रम, टी-शर्ट, बॅनर, दोनेकशे रोपं, मोकळ्या चिखलावर दोरी धरून सरळ रांगेत लावली. दिवाळीत बघायला गेले तर एक नाही. नुसत्या काठ्या, त्यांना गुंडाळलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या, एका काठीला तुटलं जाळं. मी तिथं बसून रडले. कुणाला काय विचारायचं तेही कळेना. मग काकांना सांगितलं, तर ते एवढंच म्हणाले, "तिथं आधी कधी झाड होतं का?" हा प्रश्न आमच्यापैकी कुणीच विचारला नव्हता!

घरी पोचल्यावर काकीने आधी पेज वाढली, उकड्या तांदळाची, श्रावण म्हणून सुंगटांची किसमूर नाही, अळसांद्याचं तोंडाक. सुकती, म्हणजे ओहोटी, बाराच्या सुमारास होती, तोवर वाड्यावरची माणसं जमली, शाळेतली आठ-दहा पोरं, दोन शिक्षिका, एक निवृत्त बार्जवाले आजोबा. बॅनर नव्हता.

काकांनी आधी सगळ्यांना काठावर उभं करून झाडं ओळखायला लावली. पुढे पाण्यात उभी ती चिपी, तिची श्वासमुळं जाड, शंकूसारखी चिखलातून वर आलेली. तिवराची मुळं पेन्सिलीएवढी बारीक. तिवराचं पान पोरांना चाटायला दिलं, खालच्या बाजूला मीठ असतं, झाड खारं पाणी पितं आणि जास्तीचं मीठ पानातून बाहेर टाकतं. एका मुलीने चाटून तोंड वाकडं केलं आणि लगेच दुसरं पान मागितलं. पोंयच्या, म्हणजे आत शिरणाऱ्या ओहोळाच्या कडेला कांदळ, कमानीसारखी मुळं रोवून उभा, आणि जमिनीच्या बाजूला काटेरी मारांडी. प्रत्येकाची जागा ठरलेली, भरतीचं पाणी कुठवर आणि किती वेळ उभं राहतं त्यावर. आम्ही गेल्या वर्षी रोपं जिथं लावली तिथं पाणी बहुतेक दिवसभर असायचं. कांदळाचं पिल्लू तिथं बुडूनच मरणार, एवढं साधं होतं ते.

पिल्लू म्हणते कारण कांदळाचं बी झाडावरच रुजतं. फळातून हिरवी लांब शेंग खाली लोंबते, ती खरं तर रोपच असते. शेंगेची मान पिवळसर झाली आणि वरचं फळ हलक्या हाताने सुटलं की ती तयार, ओढावी लागली तर सोडून द्यायची. आम्ही खाली पडलेल्या शेंगाच गोळा केल्या, याच खाडीतल्या, बाहेरून एकही आणली नाही. टोक खाली करून तिसरा हिस्सा चिखलात, दोन रोपांत हातभर अंतर सोडून, आणि रांग नाही, जिथं जुनं झाड मेलंय किंवा धूप होऊन काठ उघडा पडलाय तिथंच. मी एक पाय उपसला की दुसरा गुडघ्यापर्यंत रुतायचा, कुर्ल्या भोकांतून बघून परत आत, डोक्यावरून विमान उतरतंय, आणि सगळीकडे तो कुजलेल्या पानांचा उग्र वास. हीच पानं कुर्ल्या आणि किडे खातात, त्यांच्यावर कोळंबी आणि माशांची पिल्लं जगतात, शेवटा, चोणक लहानपणी इथंच मुळांत लपतात. बार्जवाले आजोबा म्हणाले, बंदराचा चॅनल गाळाने भरतो म्हणून उपसत बसायचं आणि जी मुळं काठाची माती धरून ठेवतात ती तोडायची, याला काय म्हणायचं. मला उत्तर सुचलं नाही.

मग मी पुढच्या मोकळ्या चिखलाकडे निघाले, केवढी जागा रिकामी! काका ओरडलेच, "बाय, तिथं नाही!" त्यांनी चिखलात हात घालून एक शिंपला वर काढला, चपटा, ताटलीसारखा, उजेडात धरला तर आरपार दिसेल असा. मेंज. जुन्या गोव्याच्या घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी हेच शिंपले बसवलेले असतात, माझ्या आजोळी होते. चिखलीची खाडी ही मेंज टिकून असलेल्या मोजक्या जागांपैकी एक, आणि वन्यजीव कायद्याने मेंजेला संरक्षण आहे. या चिखलावर झाडं लावली तर मुळं गाळ धरणार आणि मेंज गुदमरणार. काकांनी ती होती तशीच परत ठेवली, वरून चिखल सारखा केला. तो मोकळा चिखल रिकामा नव्हताच, मला तो बघता येत नव्हता.

परतताना काकीने तिच्या माहेरच्या खाजनाचं, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेताचं, सांगितलं, मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, मोडली, बांध फुटला, खारं पाणी आत आलं आणि जिथं कोरगुट भात व्हायचं तिथं आता खारफुटीचं रान आहे. बांधाबाहेरचा कांदळ लाटा अडवून बांध वाचवतो आणि तोच आत शिरला तर शेत गेलं. म्हणून वरच्या कोरड्या काठावर आम्ही करंज, उंडी आणि भेंड लावली. सुरू मागितली होती एका शिक्षिकेने, पटकन वाढते म्हणून, पण ती इथली नव्हे, काकांनी नको म्हटलं.

कार्तिकात परत गेले. पाच-सहा शेंगा गेल्या होत्या, एक गुरांनी खाल्ली होती, बाकीच्यांना चार-चार पानं. काका आणि ती पान चाटणारी मुलगी रोपांवरचं शेवाळ बोटाने काढत होते, एका रोपाला नायलॉनचं जाळं अडकलेलं, मी कोयतीने कापलं. तेवढ्यात पोंयत पाणी चढायला लागलं आणि काका म्हणाले, "भरती लागली, चल, उरलेली उद्या."

मी त्या रात्री त्यांच्याकडेच राहिले.