जुना ॲलेंबिक बास: शोधण्यापासून वाजवण्यापर्यंत

जुन्या बास गिटार जमवणारे बहुतेक जण फेंडर कंपनीच्या बासच्या मागे असतात. मला हवा होता ॲलेंबिक या कंपनीचा सीरीज वन नावाचा बास, आणि तोही १९७० च्या दशकातला. मी पोटासाठी ॲनालॉग सर्किटं करतो. बास गिटारमध्ये नीट विचार करून आखलेलं सर्किट बसवणाऱ्या पहिल्या लोकांत ॲलेंबिकवाले येतात, म्हणून ओढ तिथली. शिवाय मी राहतो कॅलिफोर्नियात सनीवेलला आणि ही मंडळीही याच परिसरातली. ग्रेटफुल डेड या बँडच्या गोतावळ्यातून १९६९ मध्ये ॲलेंबिक उभी राहिली. टेप रेकॉर्डर बनवणाऱ्या ॲम्पेक्स कंपनीतून आलेले रॉन विकरशॅम इलेक्ट्रॉनिक्स बघायचे, रिक टर्नर लाकूडकाम. सुरुवातीला त्यांनी डेडचे फिल लेश आणि जेफरसन एअरप्लेन बँडचे जॅक कॅसडी या बासवादकांच्या गिल्ड स्टारफायर बासमध्ये आपली सर्किटं बसवली, मग स्वतःचे बास घडवायला घेतले. त्यातला पहिला कॅसडींकडे गेला. पुढे जॅझ बासवादक स्टॅन्ली क्लार्कच्या हातात ॲलेंबिक आला आणि बासवादक रंगमंचाच्या मागच्या बाजूने पुढे आला, असं मी मानतो.

असे बास मुळात थोडे बनले, विकायला त्याहून थोडे निघतात. किंमत अशी की आधी घरात बसून बोलावं लागतं. ते बोलणं झालं, आणि मग मी शोधाला लागलो.

साल ओळखणं सोपं आहे, कारण सीरियल नंबरचे पहिले दोन आकडे सालाचे असतात. अवघड गोष्ट वेगळी. सीरीज वनला वीज लागते. बॅटऱ्या लवकर उतरतात, आणि दोन्ही पिकअपचे, म्हणजे तारांचा कंप टिपणाऱ्या कॉइलचे, आवाज वेगवेगळे हवे असतील तर डीएस-५ नावाची पॉवर सप्लायची पेटी जवळ बाळगावी लागते. या सगळ्याला कंटाळून कित्येक मालकांनी आतलं सर्किट काढून बाजारातला साधा प्रीअँप, म्हणजे सिग्नल वाढवणारं छोटं सर्किट, बसवून टाकला. बाहेरून बास तसाच सुंदर दिसतो, पण आत ॲलेंबिक उरलेला नसतो. असे बास स्वस्तात मिळत होते, मी ते सोडून दिले. जमवणारे लोक दर्शनी फळीवर भाळतात: अक्रोड, झेब्रावुड, कोकोबोलो. लाकूड मलाही आवडतं, पण मागचं झाकण उघडून आतला फोटो पाठवायला जो विक्रेता तयार नसेल त्याच्याशी पुढे बोलायचं नाही, एवढं मी ठरवून टाकलं होतं.

लाकडाचा एक मुद्दा मात्र टाळता येत नव्हता. हा बास कधीतरी पुण्याला आईकडे न्यायचा होता. ब्राझिलियन रोजवुडच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९२ पासून जवळपास बंदी आहे आणि ते लाकूड असलेलं वाद्य सीमेपलीकडे न्यायचं म्हणजे परवान्यांचं काम. कोकोबोलोही डाल्बर्जिया कुळातलाच, आपल्या शिसवीचा नातलग. २०१७ मध्ये या सगळ्या कुळावर निर्बंध आले, पण २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. ब्राझिलियन रोजवुडला ती सूट नाही. त्यामुळे त्या लाकडाच्या फळीचा एक अतिशय देखणा बास मी हातात घेतला आणि परत ठेवला. वाईट वाटलं, अजून वाटतं.

शेवटी सॅक्रामेंटोच्या बाजूला एका निवृत्त वादकाकडे १९७८ चा, कोकोबोलोच्या फळीचा बास मिळाला. त्यांनी तो क्लबांतून वर्षानुवर्षं वाजवला होता आणि ते फ्रेटवरून, म्हणजे बोटांखालच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवरून, कळत होतं. मी आधी नेक, म्हणजे बासची मान, बघितला. अंगावर तारा अडकतात त्या ब्रिजच्या टोकाकडून डोळा लावून वरच्या टोकाच्या नटपर्यंत पाहायचं, पीळ पडला असेल तर तिथेच दिसतो. हा नेक मेपल आणि पर्पलहार्टच्या पट्ट्या चिकटवलेला, अंगातून आरपार गेलेला, आत नेकचा बाक सांभाळणारे दोन ट्रस रॉड. दोन्ही सहज फिरतात का तेही बघून घेतलं. मग झाकण उघडायला सांगितलं. बोर्ड मूळचा, सोल्डर कुणी छेडलेलं नाही. वाजवून बघितलं तर एक पिकअप मुका, दुसऱ्याच्या व्हॉल्यूमला खरखर. डीएस-५ ची पेटी होती, तिची केबल हरवलेली. भावात थोडी घासाघीस झाली आणि मी तो घेतला. त्या बोर्डासाठीच घेतला.

दुरुस्तीचे दिवस मला सगळ्यात आवडले. मुक्या पिकअपच्या कॉइलचा रोध मोजला, तो शाबूत होता. बिघाड निघाला जोडणीत, पिनांवर हिरवट गंज चढला होता. पिना साफ केल्या आणि आवाज आला. व्हॉल्यूम वगैरे नॉबखालचे पॉट क्लीनरने धुऊन घेतले, बदलले नाहीत. केबलचं काम जास्त जपून करावं लागलं. पाच पिनांच्या त्या एकाच केबलमधून बासला वीज जाते आणि दोन पिकअपचे आवाज वेगवेगळे परत येतात. एक तार चुकली तर वीज थेट सिग्नलच्या वाटेत घुसेल आणि चाळीसहून जास्त वर्षं टिकलेला बोर्ड क्षणात जाईल. म्हणून पेटीच्या प्रत्येक पिनवर मीटर लावून व्होल्टेज कागदावर लिहून घेतलं, केबल जोडली, आणि बास लावण्याआधी दुसऱ्या टोकाला पुन्हा तेच मोजलं.

मग गुणगुण. सीरीज वनचे दोन्ही पिकअप एकेरी कॉइलचे, आणि अशा कॉइलला घरातल्या विजेची ६० हर्ट्झची गुणगुण लागतेच. ॲलेंबिकचा उपाय मला अजूनही थक्क करतो. दोन पिकअपच्या मधोमध तिसरं काहीतरी दिसतं, पाहणाऱ्याला वाटतं तोही पिकअप. प्रत्यक्षात ती चुंबक नसलेली कॉइल आहे. तिला तारांचा आवाज ऐकूच येत नाही, फक्त गुणगुण ऐकू येते, आणि सर्किट ती गुणगुण दोन्ही पिकअपमधून वजा करतं. किती वजा करायची ते बोर्डावरच्या छोट्या ट्रिमरने, म्हणजे स्क्रूसारख्या फिरणाऱ्या नॉबने, ठरतं. मी मुद्दाम दिव्याचा डिमर अर्धा लावून, अँपच्या ट्रान्सफॉर्मरजवळ बसून ते ट्रिमर केसभर फिरवत राहिलो. एका जागी गुणगुण पार बसली. बायको आतल्या खोलीतून विचारत आली, अँप बंद केलास का?

फ्रेट घासून समतल करण्याचं काम मात्र मी ईस्ट बेमधल्या एका कारागिराकडे दिलं. पितळी नट खालीवर करता येतो, त्यामुळे ॲक्शन, म्हणजे तारांची उंची, हवी तशी उतरवता आली.

वाजवायला लागल्यावर कळलं की हा बास नव्याने शिकावा लागणार. साध्या बासचा टोन नॉब फक्त वरचे स्वर कापतो. इथे प्रत्येक पिकअपला स्वतःचा लो-पास फिल्टर आहे, म्हणजे एका सीमेच्या खालचेच स्वर जाऊ देणारा. त्याची सीमा ३५० हर्ट्झपासून ६,००० हर्ट्झपर्यंत सरकते, आणि क्यू चा स्विच टाकला की त्या सीमेवरच आवाजाला उंचवटा येतो. सीमा जरा सरकली की तीच तार, तेच बोट, पण स्वर वेगळा उच्चारला जातो. हे ऐकल्यापासून माझ्या मनात शंका नाही, ॲलेंबिकचा आवाज आधी या सर्किटाचा आणि मग लाकडाचा.

शनिवारी आम्ही काही जण फ्रीमाँटला एका घरी अभंग आणि जुनी भावगीतं बसवतो. तबल्यावर आमच्यातले ज्येष्ठ काका असतात. पहिल्या खेपेला मी दोन्ही फिल्टर खाली आणून जाडजूड आवाज लावला. दोन कडवी झाल्यावर काका थांबले आणि म्हणाले, "अरे, डग्ग्याची मींड कुठे जातेय बघ. तू तिच्या अंगावर बसतोयस." अगदी बरोबर होतं. डग्ग्याचा घुमारा आणि माझे खालचे स्वर एकाच जागी भांडत होते. मी नेककडचा पिकअप कमी केला, ब्रिजकडच्या पिकअपचा फिल्टर मध्यावर नेऊन क्यू चढवला. बासला नाकातून आल्यासारखी धार आली, डग्गा मोकळा झाला, आणि षड्ज-पंचमाची माझी साधी चाल हार्मोनियमच्या खालून स्पष्ट ऐकू यायला लागली. काकांनी मान हलवली आणि लय वाढवली.

आता प्रत्येक गाण्यासाठी फिल्टरची जागा वहीत लिहून ठेवतो. विठ्ठलाच्या गजरात सीमा वर, संथ भावगीतात खाली, आणि काकांनी दादरा धरला की क्यू बंद.